मालकाचे नाव

अर्जात पाचवा रकाना आहे : मालकाचे नाव.
तुर्भ्याच्या फळबाजारात, पहाटे चारला,
आम्ही तो रिकामाच ठेवत आलो
दोनशे अकरा कुत्र्यांपर्यंत.

वजन, अंदाजे वय, हिरड्यांचा रंग,
कानामागच्या गोचिडी : चिमट्याने, मोजून, स्पिरिटच्या बाटलीत.
मी पाय धरते. केणी मॅडम शीर शोधतात.
दोन मिली रक्त, जांभळ्या झाकणाच्या नळीत.
जांभळं झाकण म्हणजे रक्त गोठणार नाही.

दोनशे बारावी कुत्री आंब्याच्या पेंढ्यावर पडून होती,
नाकाखाली वाळलेलं रक्त.
तोंडाला फडकं बांधू लागले तसा
एक हमाल डोक्यावरची पेटी उतरवून आला.
"चावत नाही ती. बांधू नका, मी धरतो."
तिने त्याच्या तळव्यात हनुवटी टेकली,
जणू तोलायलाच दिली.

मी पेन झटकलं. मालकाचे नाव?
त्याने मागे वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं.
"लिहा. लहू सखाराम उंबरकर."
कुत्री तुमची आहे?
"असं कोण विचारतं का? लिहा तुम्ही."

लॅब कोपरखैरण्याला, दुसऱ्या मजल्यावर, खाली केकचं दुकान.
काचपट्टीवर थेंब, दुसऱ्या पट्टीने ओढलेला,
जिभेसारखा, टोकाला पातळ.
रंग. धुणं. वाळवणं.
मग तेलाचा एक थेंब आणि हजारपट डोळा.

पांढऱ्या पेशी शोधत जायचं,
काठ आला की वळायचं, पुन्हा उलट.
एकसष्टाव्या पेशीत ती दिसली :
तुती.
जांभळट, दाणेदार, एका कोपऱ्यात नीट ठेवलेली.
पुस्तकातही तिला तुतीच म्हणतात.
पहिल्यांदा जो वाकून बघत होता
त्याच्या घरामागे तुतीचं झाड असणार.
मला बाजारातली आठवते, महाबळेश्वरची,
प्लास्टिकच्या डबीत पावशेर,
तळाला गळलेला रस.

गोचीड-ताप. ज्या पेशीने त्याला गिळायचं,
तीच पोटात वाढवते त्याला.

आमचा अभ्यास मोजण्याचा.
किती टक्के, कुठल्या गल्लीत, कुठल्या महिन्यात.
औषधाचा रकाना अर्जात नाही.
मॅडमनी तरी कपाटातून अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या काढल्या,
नोंदवहीत काही लिहिलं नाही,
आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या,
तुला उद्या तुर्भ्याला काम आहे ना.

लहूने गोळी केळ्यात घातली. तिने केळं खाल्लं,
गोळी थुंकली. पेरू तर हुंगलाही नाही.
शेवटी भज्यात, रोज, टपरीवरच्या उधारीने.
तो बोटांवर दिवस मोजायचा, मी कॅलेंडरवर.
एका दिवसाचा फरक आला.
त्याचाच हिशेब बरोबर निघाला.

दुसरं रक्त.
शंभर पेशी पाहिल्या, मग दोनशे,
मग डोळे धुऊन आले आणि पुन्हा शंभर.
रिपोर्टात लिहिलं : आढळली नाही.

लहूने कागद उलटा केला, सुलटा केला.
"म्हणजे गेली?"
गेली असं नाही लिहीत आम्ही.
बघितलं तेवढ्यात दिसली नाही, एवढंच.

त्याने कागदाची घडी घातली, मग घडीची घडी.
"भावाच्या वेळी पोलिसांनी हेच लिहून दिलं होतं.
सात वर्षं झाली.
आई म्हणते, चांगला शब्द आहे."

मला पुढे काही विचारता आलं नाही.
विचारायला रकाना नव्हता.

आमच्या टक्केवारीत ती अजूनही आजारीच आहे,
तिथे पहिलं रक्त तेवढंच धरतात.
बाजारात मात्र ती कधीच उठून गेली होती
कलिंगडाच्या टेम्पोवर भुंकायला,
आणि टेम्पोवाला खाली उतरत नव्हता,
ओरडत होता,
कुणाची आहे रे ही, कुणाची?